जेवण झालं, आम्ही निघालो: फ्रेंचमधली स्वतंत्र कर्त्याची रचना कशी ओळखायची आणि कशी लिहायची

‘ल रपा फिनी, नू सोम सोर्ती.’ जेवण आटोपल्यावर आम्ही बाहेर पडलो. या फ्रेंच वाक्यात ‘नंतर’ नाही, ‘जेव्हा’ नाही, आणि पहिल्या तुकड्यात पुरतं क्रियापदही नाही. ‘रपा’ म्हणजे जेवण, ‘फिनी’ म्हणजे संपलेलं. मग स्वल्पविराम आणि त्यापुढे मुख्य वाक्य. पहिल्या तुकड्याचा कर्ता जेवण, दुसऱ्याचा कर्ता आम्ही. फ्रेंच व्याकरणात या तुकड्याला ‘प्रोपोज़िस्यों पार्तिसिप्याल’ म्हणतात. मुख्य वाक्याशी जोडणारा एकही शब्द नसलेल्या अशा सगळ्या तुकड्यांचं मिळून नाव ‘कोंस्त्रुक्स्यों आब्सोल्यू’.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांना ‘रामे वनं गते’ आठवेल. ती सती सप्तमी. तिथे विभक्ती सांगते की हा तुकडा वेगळा आहे. फ्रेंचमध्ये नामांना विभक्ती उरलेली नाही, त्यामुळे ते काम शब्दांचा क्रम आणि स्वल्पविराम करतात. म्हणूनच त्या दोन्ही बाबतींत ढिलाई चालत नाही.

हा लेख युरोपीय भाषापातळ्यांतली ए2 ओलांडून बी1कडे निघालेल्यांसाठी आहे. ‘पासे कोंपोज़े’ (नेहमीचा भूतकाळ) येत असेल, त्यात ‘एत्र’ (असणं) आणि ‘आव्हवार’ (जवळ असणं) ही सहाय्यक रूपं घेणारी क्रियापदं वेगळी ओळखता येत असतील, तर पुढचं सगळं झेपेल.

वाचण्याआधी लिपीबद्दल थोडं. उदाहरणं कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत. ‘ज़’ झेब्र्यातल्यासारखा, ‘झ’ प्लेझरमधल्यासारखा, आणि अनुस्वार नाकातून, पण ‘न’ किंवा ‘म’ न उच्चारता. ‘यु’ म्हणताना ओठ ‘उ’सारखे आणि जीभ ‘ई’च्या जागी. फ्रेंचमध्ये शेवटची बरीच अक्षरं मूक असतात आणि या विषयात नेमकी तीच महत्त्वाची आहेत. म्हणून जिथे गरज आहे तिथे ‘शेवटी मूक ई’ किंवा ‘मूक एस’ असं वेगळं सांगितलं आहे. वहीत उतरवताना रोमन स्पेलिंग लिहा, नाहीतर अर्धा धडा हातातून जाईल.

पहिली पायरी: ‘कोण?’ हा प्रश्न दोनदा विचारा

ही रचना वापरायची की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: दोन तुकड्यांचे कर्ते वेगळे आहेत का.

मराठीत याची अर्धी चाचणी तयार आहे. ‘जेवून आम्ही निघालो’ यात जेवणारे आणि निघणारे एकच. ‘पाहुणे जेवल्यावर आम्ही निघालो’ यात दोन वेगळे. ‘-ऊन’ला साधारणपणे एकच कर्ता लागतो, ‘-ल्यावर’, ‘असताना’, ‘-ल्यामुळे’ यांना वेगळा कर्ता चालतो. ‘घरी पोचून पाऊस सुरू झाला’ हे मराठी कानाला लगेच खटकतं, कारण पाऊस कुणाच्या घरी पोचत नाही. फ्रेंच माणसाला याच कारणासाठी काय खटकतं, ते यावरून कळतं.

मात्र चाचणी अर्धीच. ‘बाबांना जाऊन दहा वर्षं झाली’ यात ‘-ऊन’ असूनही कर्ते वेगळे आहेत. आणि ‘-ल्यावर’मध्ये मराठी माणूस कर्ता सरळ गाळतो: ‘घरी पोचल्यावर पाऊस सुरू झाला.’ कोण पोचलं? आम्ही. मराठीत ते सांगावं लागत नाही, संदर्भावरून कळतं. फ्रेंचमध्ये ही गाळणी चालत नाही. ‘आरिव्हे आ ला मेज़ों, ला प्ल्वी आ कोमांसे’ असं लिहिलंत, तर वाचणारा ‘आरिव्हे’ पुढच्या कर्त्याला जोडतो आणि पाऊसच घरी पोचतो. मराठीभाषक विद्यार्थ्यांची या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती कळतही नाही, कारण मनातलं मराठी वाक्य अगदी निर्दोष असतं.

तेव्हा सरळ हिशेब असा:

कर्ता एकच असेल, तर ही रचना नको. साधं पार्तिसिप (‘फिनी’सारखं क्रियापदापासून बनलेलं, विशेषणासारखं रूप) किंवा ‘आं’ लावलेलं झेरोंदीफ वापरा, म्हणजे ‘आं सोर्तां’, बाहेर पडताना.

कर्ते दोन असतील आणि दोन्ही नावानिशी लिहिता येत असतील, तर ही रचना वापरा.

कर्ते दोन असून पहिला ‘मी’, ‘आम्ही’ असा मनातच असेल, तर ‘कां’ म्हणजे ‘जेव्हा’ घेऊन पुरतं वाक्य लिहा. ‘कां नू सोम आरिव्हे आ ला मेज़ों, इल आ कोमांसे आ प्लव्वार.’ यात कमीपणा काही नाही. बोलताना फ्रेंच माणूसही हेच म्हणतो.

दुसरी पायरी: दोन वाक्यांचं एक करून पाहा

सुरुवातीला थेट रचना करू नका. दोन पूर्ण वाक्यं लिहा आणि मग छाटा.

‘लेज़ांफां सों कूशे. ले पारां रगार्द अं फिल्म.’ मुलं झोपली आहेत. आईवडील सिनेमा बघताहेत.

कर्ते तपासा: मुलं आणि आईवडील. वेगळे आहेत, पुढे चला.

पहिल्या वाक्यातलं सहाय्यक क्रियापद ‘सों’ काढा. उरलं ‘लेज़ांफां कूशे’.

‘कूशे’चं लिंग आणि वचन त्याच्या शेजारच्या नामाशी, म्हणजे मुलांशी जुळवा. मुलं अनेकवचनी, म्हणून शेवटी मूक एस. ऐकू काही येणार नाही, लिहावा मात्र लागेल.

पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम द्या. ‘लेज़ांफां कूशे, ले पारां रगार्द अं फिल्म.’

‘आणि’, ‘तेव्हा’, ‘म्हणून’ असलं काही मध्ये घालू नका. ‘ए’ (आणि) घातलात की रचना मोडली.

स्वल्पविराम कुठे येतो, तेही नीट बघा. तो पूर्ण तुकड्यानंतर येतो. नाम आणि पार्तिसिप यांच्यामध्ये कधीच नाही. आणि तो विसरलात, तर ‘झोपलेली मुलं’ असं साधं विशेषण वाटून वाचणारा पुढच्या शब्दांवर अडखळतो.

काळाची काळजी या तुकड्याला नसते. ‘ल रपा फिनी’ तसंच राहतं. पुढे ‘नू सोर्तों’ (निघतो), ‘नू सोम सोर्ती’ (निघालो) किंवा ‘नू सोर्तिरों’ (निघू) काहीही येऊ शकतं. काळ मुख्य क्रियापद ठरवतं.

तिसरी पायरी: कुठलं पार्तिसिप चालेल?

इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण सगळी क्रियापदं नुसतं पार्तिसिप पासे (‘फिनी’, ‘कूशे’सारखं, क्रिया झाल्याचं सांगणारं रूप) घेऊन उभी राहत नाहीत.

सकर्मक क्रियापदं चालतात, पण कर्मणी अर्थाने. ‘ला लेत्र एक्रीत’, पत्र लिहून झाल्यावर. ‘ले कूर्स फेत’, बाजारहाट झाल्यावर. इथे पत्राने काही केलेलं नाही, त्याच्यावर क्रिया झाली आहे.

‘एत्र’ घेणारी क्रियापदं चालतात: पार्ती, आरिव्हे, व्हन्यु, मोर. ‘ल शा पार्ती, ले सूरी दांस’, मांजर गेली की उंदीर नाचायला मोकळे. ही म्हण फ्रेंच लोक एरवी ‘कां’ लावून म्हणतात, पण रचना पाठ करायला हे रूप सोयीचं आहे.

‘स’ लागणारी, म्हणजे स्वतःवर उलटणारी क्रियापदंही चालतात. फक्त ‘स’ गळून पडतो. ‘ल सोलेय कूशे’, सूर्य मावळल्यावर. पूर्ण रूप हवं असेल तर ‘ल सोलेय सेतां कूशे’. यात ‘स’ला जोडून आलेलं ‘एतां’ हे ‘एत्र’चं रूप.

‘आव्हवार’ घेणारी अकर्मक क्रियापदं मात्र चालत नाहीत: झोपणं, चालणं, थांबणं, हसणं. ‘पाऊस थांबल्यावर’साठी ‘ला प्ल्वी सेसे’ लिहायचा मोह होतो आणि वाक्य फसतं. ‘ला प्ल्वी एयां सेसे, ल माच आ रप्री’ (पाऊस थांबल्यावर सामना पुन्हा सुरू झाला) असं ‘एयां’, म्हणजे ‘आव्हवार’चं रूप, घालूनच लिहायचं. तसंच ‘पोल दोर्मी’ नाही, ‘पोल एयां दोर्मी’.

लक्षात ठेवायचं सूत्र एवढंच: ‘एतां’ गाळता येतं, ‘एयां’ गाळता येत नाही.

आणि ‘एतां’सुद्धा नेहमी गाळू नये. नकार असेल तर ते ठेवावंच लागतं, कारण ‘न’ आणि ‘पा’ला लटकायला क्रियापद हवं. ‘ल त्रॅं नेतां पा आरिव्हे, नूज़ाव्हों प्री अं ताक्सी’, गाडी न आल्याने आम्ही टॅक्सी केली. ‘कोणीच आलं नाही म्हणून’साठी ‘पेर्सोन नेतां व्हन्यु’. इथे ‘पेर्सोन’ असल्याने ‘पा’ येत नाही. कारण ठळक करायचं असेल तेव्हाही ‘एतां’ ठेवलेलं बरं: ‘ल दिरेक्तर एतां आब्सां, ला रेयुन्यों ए रपोर्ते’, संचालक गैरहजर असल्यामुळे बैठक पुढे ढकलली आहे. फ्रेंच कार्यालयातल्या सूचना, इतिवृत्तं, नोटिसा अशा वाक्यांनी भरलेल्या असतात. ‘एतां’ असलं की कान ‘असल्यामुळे’ ऐकतो, नसलं की ‘झाल्यावर’. नियम पक्का नाही, पण कल स्पष्ट आहे.

पार्तिसिप प्रेज़ां, म्हणजे ‘-आं’ने संपणारं रूप, क्रिया अजून चालू असताना येतं. ‘ला न्वी तोंबां, इल रांत्र ओ व्हिलाझ’, रात्र पडत असताना ते गावाकडे परततात.

आणखी एक अडथळा निसर्गाचा. ‘इल प्ल’ (पाऊस पडतोय) यातला ‘इल’ खरा कर्ता नाही, जागा भरायला ठेवलेला आहे. असा पोकळ कर्ता या रचनेत चालत नाही. ‘पाऊस पडत असल्यामुळे’ म्हणायचं असेल तर ‘कोम इल प्ल’ किंवा ‘आं रेज़ों द ला प्ल्वी’ म्हणा. ‘इल फो’ (पाहिजे) याला तर पार्तिसिप प्रेज़ां नाहीच.

चौथी पायरी: कर्त्याच्या जागी सर्वनाम

‘झ’, ‘त्यु’, ‘इल’ ही सर्वनामं क्रियापदाला चिकटून राहणारी आहेत. इथे पुरतं क्रियापदच नसल्याने ती येऊ शकत नाहीत. त्यांच्या जागी जोर देणारी रूपं घ्या: म्वा, त्वा, ल्वी, अनेकवचनी पुरुषांसाठी ‘अ’ (स्पेलिंग ई-यू-एक्स). ‘ल्वी पार्ती, तूत ए काल्म’, तो गेल्यावर सगळं शांत. ‘एल’ दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे ‘एल पार्ती’ ऐकताना साधं वाटतं. लिहिताना ‘पार्ती’ला शेवटी मूक ई लागतो, कारण ती गेली.

बोलण्यात टिकून राहिलेलं एक रूप झकास आहे: ‘म्वा व्हिव्हां, झामे!’ मी जिवंत असेपर्यंत तरी नाही! घरातल्या भांडणापासून राजकारणापर्यंत कुठेही चालतं.

पाचवी पायरी: शेपटीचं अक्षर

पार्तिसिप पासे आपल्या तुकड्यातल्या नामाशी जुळतं. मुख्य वाक्याच्या कर्त्याशी नाही. ‘ला लेत्र एक्रीत, इल ए सोर्ती’ यात तो पुरुष आहे, पण ‘एक्रीत’ स्त्रीलिंगी, कारण पत्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी.

बऱ्याच पार्तिसिपांत हा फरक ऐकू येत नाही: फिनी, पार्ती, तेर्मिने. म्हणून सराव सुरू करताना ज्यांच्यात तो ऐकू येतो ती घ्या. पुल्लिंगी फे, स्त्रीलिंगी फेत. एक्री, एक्रीत. ऊव्हेर, ऊव्हेर्त. मी, मीज़ (ठेवलेलं). प्री, प्रीज़ (घेतलेलं). आठवडाभर याच पाच जोड्या वापरून वाक्यं केलीत, तर जुळवणीची सवय कानाला लागते आणि मग मूक अक्षरंही हाताला आपोआप आठवतात.

‘एतां’ मध्ये असलं तरी पुढचं पार्तिसिप कर्त्याशी जुळतं. ‘एयां’ असेल तर कर्त्याशी जुळत नाही. ‘लेज़ांफां एयां फिनी लर दव्वार, ला मेर एतॅं ला तेले’ (मुलांचा गृहपाठ झाल्यावर आई टीव्ही बंद करते) यात मुलं अनेक असली तरी ‘फिनी’ जसंच्या तसं.

पार्तिसिप प्रेज़ां कुणाशीच जुळत नाही. ‘ला न्वी तोंबां’ असं म्हणायचं, ‘तोंबांत’ नाही. पण ‘आ ला न्वी तोंबांत’ (तिन्हीसांजेला) हा प्रयोग बरोबर आहे! तिथे ‘तोंबांत’ हे विशेषण झालं आहे, म्हणून त्याला लिंग लागतं. स्वतंत्र तुकडा आणि स्वल्पविराम असेल तर क्रियापद, त्यामुळे बदल नाही. ‘आ’सारख्या शब्दयोगी अव्ययाखाली नामाचं विशेषण असेल तर बदल.

हा नियम कायमच असा नव्हता. 1679 मध्ये फ्रेंच अकादमीने पार्तिसिप प्रेज़ांची रूपं बदलायची नाहीत असं ठरवलं. त्याआधीच्या वळणाचे काही प्रयोग, विशेषतः कोर्टकचेरीच्या भाषेतले, जसेच्या तसे राहून गेले. ‘सेआंस तनांत’, म्हणजे बैठक चालू असतानाच, पर्यायाने ताबडतोब. ‘तूत ज़ाफेर सेसांत’, हातातली सगळी कामं टाकून. दोन्हींत शेवटचा ‘त’ स्वच्छ ऐकू येतो. अपवाद म्हणून पाठ करा, त्यांच्या नमुन्यावर नवीन काही बनवू नका.

शरीर आणि वस्तू: इथे ‘आव्हेक’ नको

आतापर्यंतची रचना लेखी वळणाची. आता जी येते ती रोजच्या बोलण्यात, स्वयंपाकघरात, बसमध्ये सगळीकडे ऐकू येते, आणि हिच्यात क्रियापद असायलाच हवं असंही नाही.

‘इल मार्श, ले मॅं दां ले पोश.’ तो हात खिशात घालून चालतोय. ‘एल दोर ला बूश ऊव्हेर्त.’ ती तोंड उघडं ठेवून झोपते. ‘न पार्ल पा ला बूश प्लेन!’ तोंडात घास असताना बोलू नकोस. हे फ्रेंच मुलं जन्मभर ऐकतात.

पहिली गोष्ट: शाळेत इंग्रजी शिकलेला माणूस इथे हटकून ‘आव्हेक’ (सह) घालतो. बोलताना कधीकधी चालून जातं, पण सुबक फ्रेंचमध्ये नुसतं नाम पुरतं.

दुसरी: ‘त्याचे हात’, ‘तिचे डोळे’ असं म्हणू नका. ‘से मॅं’ नाही, ‘ले मॅं’. हात कुणाचे ते वाक्यावरून कळतंच. मराठीतही आपण ‘आपले हात आपल्या खिशात घालून’ म्हणत नाही, त्यामुळे मराठी मनात ठेवलंत तर ही चूक होणार नाही.

तिसरी गोष्ट वचनाची, आणि इथे मात्र मराठी फसवते. ‘विद्यार्थी माना खाली घालून ऐकत होते’ यात माना अनेकवचनी. फ्रेंचमध्ये प्रत्येकाला मान (खरं तर डोकं) एकच, म्हणून एकवचन: ‘लेज़ेलेव्ह एकूते, ला तेत बेसे’. डोळे आणि हात प्रत्येकाला दोन असतात, म्हणून ते अनेकवचनी: ‘लेज़्यो फेर्मे’, डोळे मिटून, ‘ले लार्म ओज़्यो’, डोळ्यांत पाणी आणून.

जुळवणी अवयवाशी होते, माणसाशी नाही. पुरुष तोंड उघडं ठेवून झोपला तरी ‘ऊव्हेर्त’ स्त्रीलिंगीच, कारण ‘बूश’ स्त्रीलिंगी. स्वल्पविराम इथे सक्तीचा नाही. वर्णन क्रियापदाला घट्ट चिकटलेलं असेल (तोंड उघडं ठेवून झोपणं), तर देऊ नका. चित्रात भर घालणारं असेल (चालत होता, हात खिशात), तर द्या.

काही जोड्यांत आर्टिकलही गळतं: ‘पिए न्यु’ (अनवाणी), ‘बूश बे’ (आ वासून). ‘न्यु’ आधी आलं, तर मध्ये जोडरेघ येते आणि रूप बदलत नाही: ‘न्यु-पिए’. मागे आलं की मात्र जुळतं, म्हणजे ‘पिए न्यु’मध्ये शेवटी मूक एस.

नाम आधी की पार्तिसिप आधी?

वरच्या ‘न्यु’सारखाच नियम बऱ्याच ठिकाणी लागतो. नाम पुढे आणि पार्तिसिप मागे असेल, तर ते पार्तिसिप म्हणून वागतं आणि जुळतं. पार्तिसिप पुढे आलं की ते बहुधा थिजून अव्यय होतं.

‘वीतर पासे’, आठ वाजून गेलेले. यात ‘पासे’ला मूक ई आणि एस दोन्ही. ‘पासे वीतर’, आठनंतर. यात काहीच नाही. ‘सी-झ्वॅं ला फाक्त्युर’, सोबत बिल जोडलं आहे; वाक्याच्या सुरुवातीला ‘सी-झ्वॅं’ बदलत नाही. ‘ला फाक्त्युर सी-झ्वॅंत’, जोडलेलं बिल. इथे बदलतं आणि ‘त’ ऐकूही येतो. ईमेलला फाइल जोडताना हे दोन्ही रोज लागतात. ‘एतां दोने’ (लक्षात घेता) हेही सहसा न बदलता लिहितात: ‘एतां दोने ले सिर्कोंस्तांस’. ‘द्युरां’चा प्रवासही असाच झाला. आज ते ‘दरम्यान’ अर्थाचं अव्यय आहे, पण ‘सा व्ही द्युरां’ (आयुष्यभर) या प्रयोगात ते अजून नामाच्या मागे उभं आहे.

फ्रान्सला गेलात तर ही रचना सगळ्यात आधी दुकानाच्या पावतीवर भेटेल. टी-टी-सी ही तीन अक्षरं म्हणजे ‘तूत ताक्स कोंप्रीज़’, सगळे कर धरून. ‘ताक्स’ स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘कोंप्रीज़’मध्ये ‘ज़’ ऐकू येतो. एच-टी लिहिलेली रक्कम ‘ओर ताक्स’, म्हणजे कर सोडून. तिथल्या मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर 20 टक्के, म्हणजे 100 युरो एच-टी असेल तर 120 युरो टी-टी-सी. नाम मागे गेलं की मात्र ‘ई कोंप्री ले ताक्स’, आणि ‘ज़’ गायब.

‘युन फ्वा’ची कुबडी

नवख्यांनी आधी हाच प्रकार पक्का करावा, कारण तो बोलण्यातही सहज चालतो. तुकड्याच्या आधी ‘युन फ्वा’ (एकदा का) लावायचं: ‘युन फ्वा ल त्राव्हाय तेर्मिने, ओं रांत्र.’ एकदा काम संपलं की घरी जायचं. अर्थाची संदिग्धता उरत नाही. तुकडा कारण सांगतो की काळ, असा प्रश्नच पडत नाही, काळच. क्रम उलटा झाला तरी इथे पार्तिसिप थिजत नाही, जुळतंच: ‘युन फ्वा तेर्मिने ला गेर’ (युद्ध संपल्यावर) यात ‘तेर्मिने’ला मूक ई हवाच.

याच घरातले बाकीचे शब्द: ‘सितो’ आणि ‘ओसितो’ (होताक्षणी), ‘आ पेन’ (जेमतेम होतं न होतं तोच), ‘दे’ (झाल्यापासून लगेच). ‘दे ला न्वी तोंबे’, रात्र पडताच. ‘आ पेन’ थोडं पुस्तकी आहे.

पत्राच्या शेवटी पडणारी फांदी

देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत बी2 पातळीच्या लेखी भागात एका तासात किमान 250 शब्द लिहायचे असतात आणि बऱ्याचदा औपचारिक पत्रच असतं. तिथे शेवटी पाठ केलेलं वाक्य येतं: ‘एस्पेरां युन रेपोंस रापीद, व्हये आग्रेए…’, लवकर उत्तराची आशा करत, कृपया स्वीकारावा… आशा करणारा मी, स्वीकारणारे तुम्ही. पार्तिसिपला स्वतःचा कर्ता नाही, म्हणून ते ‘तुम्ही’ला चिकटतं आणि आशा वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. फ्रेंच लोकही हे सर्रास लिहितात, पण परीक्षकाची लाल रेघ ठरलेली. दुरुस्ती सोपी: मुख्य वाक्यात ‘मी’ आणा. ‘एस्पेरां युन रेपोंस रापीद, झ व्हू प्री दाग्रेए…’ आता आशा करणारा आणि विनंती करणारा एकच.

याच जातीची दुसरी चूक: ‘एतां मालाद, ल मेद्सॅं ए व्हन्यु’. आजारी डॉक्टरच झाला. ‘मा फीय एतां मालाद, ल मेद्सॅं ए व्हन्यु’ म्हटलं की मुलगी आजारी आणि डॉक्टर ठणठणीत. नाव घातलं की रचना स्वतंत्र होते, दुसरं काही करावं लागत नाही.

‘लापेती व्ह्यॅं आं मांझां’, खाता खाता भूक वाढते, ही म्हण दाखवून कोणी वाद घातला, तर म्हणींना माफी असते एवढंच सांगा. परीक्षेत ती मिळत नाही.

तयार माल

हे पाठच करावेत, फोड करत बसू नये: ‘सला दी’ (असं असलं तरी), ‘तू कोंत फे’ (सगळा हिशेब केला तर), ‘रेफ्लेक्स्यों फेत’ (विचारांती), ‘ल मोमां व्हन्यु’ (वेळ आली की), ‘ल का एशेआं’ (तशी वेळ आलीच तर). शेवटचा अर्जांत आणि करारांत पावलोपावली भेटतो. ‘लागू असल्यास’च्या जागी तोच. ‘सला दी’ मात्र दर परिच्छेदाला वापरू नका. फ्रेंच वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांनी तो आधीच झिजवला आहे.

करून बघा

पाच वाक्यं. आधी स्वतः लिहा, मग खाली बघा. तीन सरळ आहेत, दोनांत सापळा.

दिवे गेल्यावर आम्ही मेणबत्त्या लावल्या. ती दार उघडं ठेवून झोपते. पैसे संपल्यामुळे ती परत आली. ती गेल्यावर सगळे बोलू लागले. पाऊस पडत असल्यामुळे सामना पुढे ढकलला आहे.

पहिलं: ‘ल कूरां कूपे, नूज़ाव्हों आलुमे दे बूझी.’ फ्रेंचमध्ये दिवे जात नाहीत, वीजप्रवाह तुटतो. ‘कूरां’ पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ‘कूपे’ला काही जोडायचं नाही.

दुसरं: ‘एल दोर ला पोर्त ऊव्हेर्त.’ ‘आव्हेक’ नाही, ‘तिचं दार’ नाही, स्वल्पविरामही नाही.

तिसऱ्यात सापळा. मराठीत कर्ते दोन, पैसे आणि ती. फ्रेंच माणूस मात्र ‘तिच्याकडे पैसे न उरल्यामुळे’ अशी मांडणी करतो आणि कर्ता एकच होतो: ‘नेयां प्ल्यु दार्झां, एल ए रांत्रे.’ म्हणून स्वतंत्र रचना नाही, साधं पार्तिसिप. ‘रांत्रे’ला मूक ई, कारण ती परतली.

चौथं: ‘एल पार्ती, तू ल मोंद से मी आ पार्ले.’ ‘पार्ती’चा मूक ई तपासा. आणि ‘तू ल मोंद’चा अर्थ ‘सगळे’ असला, तरी व्याकरणात तो पुल्लिंगी एकवचनी आहे, म्हणून ‘मी’ जसंच्या तसं.

पाचवं: ‘कोम इल प्ल, ल माच ए रपोर्ते.’ पोकळ ‘इल’ला ही रचना पेलत नाही. पाऊस हे नाम घेऊन ‘ला प्ल्वी तोंबां…’ अशी वाट काढलीत, तर व्याकरण चुकणार नाही, पण मैदानाबाहेर लावलेल्या फलकावर ते कवितेसारखं दिसेल.